प्रत कुठे पाहिली

३ नोव्हेंबर

प्रिय मामा,

नमस्कार. मामीलाही सांग, आणि तिने विचारायच्या आधीच सांग की मी वेळेवर जेवते.

तुझ्या वाळवीला शेवटी पोटभर खाणं मिळालंय. लहानपणी तुझ्या पुस्तकबांधणीच्या दुकानात पायरीवर बसून मी पुस्तकं कुरतडायचे म्हणून तू मला वाळवी म्हणायचास. आता विद्यापीठच मला त्या कामाला लावतंय. माझ्या शोधनिबंधाचा विषय पक्का झाला: ‘कादंबऱ्यांतली शाळा’. निबंध लिहायच्या आधी सटीप संदर्भसूची द्यायची असते. म्हणजे नुसती यादी नाही. प्रत्येक पुस्तकाखाली आपण टीप लिहायची: पुस्तकात काय आहे, आपल्या कामाला कसं येतं, कुठे लंगडं पडतं. आणि सगळ्यात शेवटी, प्रत कुठे पाहिली. आमच्या बाई या शेवटच्या ओळीवरून फार कडक आहेत. “न वाचता टीप लिहिणं म्हणजे न जेवता ढेकर देणं,” म्हणतात. त्यामुळे अर्धा वर्ग सध्या उपाशी आहे.

माझी सूची मात्र झाली, आणि सगळ्यात चांगली टीप कुठली आहे माहितीये? तुझ्या वरच्या फळीवरच्या हिरव्या पुस्तकाची! हिरवं कापड, पाठीला चामडं. त्यातली ती शाळा, जिथे रोज हजेरीत एक पोर कमी होत जातं आणि कोणी काही विचारत नाही. दहावीच्या सुट्टीत मी ते तुझ्याकडे तीनदा वाचलं होतं. इथल्या ग्रंथालयात ते नाही, बाकी कोणाच्या सूचीतही नाही. मी अगदी शेवटच्या प्रसंगापर्यंत सगळं लिहिलंय आणि खाली ऐटीत टाकलंय: ‘प्रत: लेखिकेच्या मामांचे बांधणीचे दुकान, वरची फळी.’ गावाच्या नावासकट. आई गेल्यावर मी त्या दुकानातच वाढले, तर तेवढा मान त्याला नको?

सूचीचा कच्चा खर्डा विभागाच्या फलकावर लावलाय, तसा नियमच आहे. आता एकच काम कर. पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर छपाईचं साल असेल, तेवढं बघून कळव. माझ्या टिपेत तेवढीच जागा रिकामी आहे.

तुझी,
वाळवी


७ नोव्हेंबर

चि. वाळवी,

आशीर्वाद. पत्र मिळालं.

तुझी काहीतरी गफलत होते आहे. माझ्याकडे हिरव्या कापडाचं असं पुस्तक नाही, कधीच नव्हतं. वरच्या फळीवर खळीचे डबे असतात. लहानपणी माणूस दहा ठिकाणी दहा पुस्तकं वाचतो आणि मग एकात एक मिसळतो. सूचीतून ते काढून टाक. सालाचं विचारू नकोस.

मामी बरी आहे. थंडी वाढली आहे. दाराला कडी लावून झोपत जा.

मामा


११ नोव्हेंबर

प्रिय मामा,

पत्र वाचलं आणि अर्धा दिवस मी फुगून बसले होते. सात ओळी? तुझं गिऱ्हाइकाला दिलेलं बिलसुद्धा याहून प्रेमळ असतं.

आणि माझी गफलत? मामा, त्या पुस्तकाच्या पाठीवरचं चामडं खालच्या टोकाला जरा सुटलेलं होतं. मी त्याच्याशी चाळा केला म्हणून तू मला एक चापट मारली होतीस. उभ्या आयुष्यात तेवढी एकच. ती मी विसरेन? तुला पुस्तक द्यायचं नसेल, किंवा कोणाला देऊन टाकलं असशील, तर तसं सांग. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?

बरं, तुझ्यावर विसंबून राहिले नाही. इथल्या ग्रंथालयात चौकशी केली, त्यांनी कुठून तरी प्रत मागवून द्यावी म्हणून. खिडकीतल्या माणसाने नाव ऐकलं आणि लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. “हे पुस्तक मागायला तुम्हाला कोणी सांगितलं?” म्हणाला. मी म्हटलं, कोणी कशाला सांगायला पाहिजे, मी वाचलंय. मग त्याने माझं नाव विचारलं, खोलीचा पत्ता विचारला. मीही सगळं नीट सांगितलं, अक्षरं सुटी सुटी करून. तो आत गेला तो बाहेर आलाच नाही. मी बराच वेळ उभी राहिले. शेवटी दुसऱ्या माणसाने येऊन खिडकी लावून घेतली, जेवायची सुट्टी नसताना.

असो. आळशी असतात झालं. तू मात्र साल कळव.

रागावलेली,
वाळवी


१५ नोव्हेंबर

वाळवी,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. आपला कागदाचे गठ्ठे आणणारा ड्रायव्हर तुझ्या हातात देईल. यापुढे तूही त्याच्याच हाती पाठव, टपाल नको. तो असतानाच वाच, आणि वाचून झाल्यावर काय करायचं ते तुला कळेल. टपालाने आलेल्या पत्रात मी जे लिहिलं ते खोटं होतं. पाकिटं आमच्याकडे उघडून परत चिकटवतात. चिकटवतातही वाईट. माझ्याकडे शिकायला आले असते तर बरं झालं असतं.

पुस्तक आहे. तू जन्मायच्या आधीपासून आहे. ते लिहिणारी बाई इथल्याच शाळेत मास्तरीण होती. बारीक, चष्मेवाली, बोलताना खडूने हात पांढरे. पुस्तक छापून आलं तेव्हा तिने स्वतःची प्रत माझ्याकडे बांधायला आणली. छापखान्याची बांधणी तिला आवडली नव्हती. कापड तिनेच निवडलं. म्हणाली, “गुरुवारी येते.” गुरुवारी काम तयार होतं. ती आली नाही. त्याच आठवड्यात दुकानांतून, वाचनालयांतून ते पुस्तक गोळा करून नेलं, आणि ज्यांच्या घरी सापडलं त्यांनाही नेलं. तिच्याबद्दल कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

मी शूर वगैरे नाही, गैरसमज नको. धंद्याची एक रीत आहे. गिऱ्हाइकाचं काम गिऱ्हाईक येईपर्यंत ठेवायचं. माझ्या वडिलांनी ठेवलं, मी ठेवतो. मी ते वाचलेलंही नाही. बांधणाऱ्याने वाचायचं नसतं, वाचत बसलो तर बांधणार कधी? पण तू वाचलंस. तू पायरीवर बसून वाचत होतीस आणि मला वाटलं, पोर आहे, विसरेल. चापट मारली ती चामड्यासाठी नव्हती.

आता नीट ऐक. फलकावरून ते पान काढ. माझं दुकान त्या सूचीत राहिलं तर मामीचं आणि माझं काय होईल ते तुला सांगायला नको. आणि त्या ग्रंथालयात पुन्हा पाऊल टाकू नकोस. नाव-पत्ता देऊन आलीस, म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं. तुझ्यावर रागावलेलो नाही. मला भीती वाटते, एवढंच. मामी दोन दिवस दाराचा आवाज झाला की हातातलं खाली ठेवते.

मामा


१८ नोव्हेंबर

मामा,

तुझं पत्र वाचून मी स्टोव्हवर धरलं. राख मोरीत सोडली तरी वास जाईना, म्हणून खिडकी उघडली, आणि मग खिडकी उघडी का म्हणून कोणी बघेल असं वाटून पुन्हा लावली. अशी अवस्था आहे.

तसाच जिना उतरून विभागात गेले. फलकावर माझी सूची होती. पहिलं पान होतं, दुसरं होतं, चौथं होतं. तिसरं नव्हतं. चार टाचण्या चार कोपऱ्यांत तशाच टोचलेल्या. ज्याने नेलं त्याने टाचण्या काढून पान घेतलं आणि टाचण्या परत जागच्या जागी लावल्या. मामा, फाडून नेलं असतं तर मला एवढी भीती वाटली नसती.

बाईंकडे गेले. त्यांनी दार लावलं आणि पंखा सगळ्यात जोरात सोडला, थंडीत. म्हणाल्या, “तुझी टीप मी वाचली होती. मी थांबवायला हवं होतं. पण इतकी छान होती की मला वाटलं, एक दिवस तरी राहू दे फलकावर.” त्या रडत नव्हत्या, पण डोळे पुसत होत्या. मग म्हणाल्या की नोंद आता नुसती काढून चालणार नाही. नाहीशी केली तर ती खरी होती असंच सिद्ध होतं. एकच वाट आहे. मी लेखी द्यायचं की मी हे पुस्तक कधी पाहिलेलंच नाही. कुठेतरी ऐकलं, भाव खायला टीप रचली आणि मामाच्या दुकानाचा पत्ता शोभेला टाकला.

म्हणजे लबाडी कबूल करायची. तिची शिक्षा ठरलेली आहे. निबंध रद्द, वर्ष वाया, आणि नाव फलकावर. पुढे कोणी मला कुठल्याही कामाला घेणार नाही. खोटी टीप लिहिणारी म्हणून ओळखतील. सगळ्या वर्गात मी एकटीने प्रत्येक पुस्तक खरंच वाचलं होतं, मामा. यावर हसावं की रडावं?

पण तू आणि मामी एका बाजूला आणि एक वर्ष दुसऱ्या बाजूला, यात विचार करण्यासारखं काही नाही. अर्ज लिहिलाय. उद्या सकाळी देते.

तू तुझ्याकडच्या पाहुणीची व्यवस्था लाव. मला तिची फार काळजी वाटते. दुसरी प्रत कुठे असेल असं मला वाटत नाही.

तुझी,
वाळवी


२१ नोव्हेंबर

वाळवी,

अर्ज दिला नसशील तर देऊ नकोस. दिला असशील तर काय बोलणार. ज्या पोरीने आयुष्यात एक पान न वाचता उलटलं नाही, तिने लिहून द्यायचं की मी न वाचता लिहिते? माझ्यासाठी? मला हे गिळवत नाही. म्हणून मीच पुस्तक संपवलं. आता ते कोणाला सापडणार नाही, तेव्हा तू खोटं बोलायचं कारण उरलं नाही.

संपवलं म्हणजे जाळलं नाही. गिऱ्हाइकाचं काम कोणी जाळतं का? तुझं पत्र आलं त्याच दुपारी पुस्तक खाली घेतलं, शिवण उसवली, पानं सुटी केली. माझी शिवण होती, जुनी असली तरी सहज सुटेना. मामी दारात शिवणकाम घेऊन बसली. शाळांचे फाटके शब्दकोश दुरुस्तीला आलेत, मोठा ढीग आहे. बांधताना पाठीच्या आत, कापडाखाली, मजबुतीला रद्दी कागद चिकटवतात, तू पाहिलंयस. एकेका शब्दकोशाच्या पाठीत मी तिचं एकेक पान चिकटवलं. वर कापड, वर सोनेरी अक्षरं. आता पोरं त्यात शब्द शोधतील आणि पाठ बघायला कोणी जाणार नाही.

काल दोघं जण आले. कपडे साधे, बूट चांगले. वरची फळी आधी बघितली. म्हणजे तुझं तिसरं पान त्यांनी नीट वाचलंय. खळीचे डबे उघडून आत काठी घालून खळ ढवळली. मामीच्या उशा फाडल्या. मी दाबाच्या यंत्राला धरून उभा राहिलो आणि काम करत असल्याचं दाखवलं. यंत्रात काहीच नव्हतं, रिकामं आवळत होतो. जाताना त्यांच्यातला थोरला ढिगाकडे बघून म्हणाला, “मुलीचा शब्दकोश फाटलाय, असाच बांधून द्याल का?” आणि गाडीतून काढून दिला. फुकटात, हे सांगायला नकोच. मी बांधून दिला. एक पान उरलं होतं.

ते शेवटचं पान होतं. खळ लावताना नजर गेली. बांधणाऱ्याने वाचायचं नसतं, पण एकच शब्द होता सगळ्यात खाली, एकटा: “हजर.” तेव्हापासून डोक्यात बसलाय. कोण हजर? शाळेतली पोरं तर कमी कमी होत गेली म्हणतेस.

हिरवा पुठ्ठा मी ठेवलाय. त्यात कोरी पानं शिवतो आहे. ती बाई कधी आलीच तर तिच्या हातात काय ठेवू? तुला ते पाठ आहे, मला माहीत आहे. इथे येऊन सांग, मी लिहून घेतो. माझं अक्षर वाईट आहे, तेवढं ती चालवून घेईल.

मामा


२४ नोव्हेंबर

मामा,

तुझ्या पत्राआधीच अर्ज देऊन झाला होता. वाईट वाटून घेऊ नकोस. फलकावर नाव लागलं. मैत्रिणी माझ्याजवळून जाताना वह्या छातीशी धरतात, जणू मी त्या चोरणार आहे. ते सहन होतं. मी खोटी ठरले म्हणजे तू खरा ठरलास, असं म्हणून मी दिवस काढत होते.

मग शनिवारी मला बोलावलं. विद्यापीठात नाही, बाहेर. स्वच्छ खोली होती, टेबलावर फुलं. एक साहेब, वयस्कर, तुझ्याएवढे असतील. मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. माझं तिसरं पान त्यांच्यासमोर होतं, प्लॅस्टिकच्या पाकिटात. कोपऱ्यांत टाचण्यांची भोकं.

म्हणाले, “तुम्ही हे पुस्तक पाहिलेलं नाही.”

मी म्हटलं, “नाही.”

“ऐकीव माहितीवर लिहिलंत.”

“हो.”

त्यांनी माझी टीप मोठ्याने वाचली, सावकाश, चांगलं वाचतात. शेवटच्या ओळीपाशी थांबले. “मास्तरीण रिकाम्या वर्गाची हजेरी घेते. एकही नाव न गाळता. हेही ऐकलंत?”

मी हो म्हटलं. कोणाकडून, ते त्यांनी विचारलंच नाही. पान खाली ठेवलं आणि म्हणाले, “बरोबर आहे. शेवट असाच आहे.” मामा, त्यांनी वाचलंय ते पुस्तक. ज्यांनी सगळ्या प्रती गोळा केल्या त्यांच्याकडे प्रत असणारच, हे मला कसं सुचलं नाही? मी टीप इतकी नीट का लिहिली? शेवट तरी सोडून द्यायचा होता.

मग ते हसले आणि म्हणाले, “छान लिहिता तुम्ही. या आता. लागलं तर बोलावू.” दारापर्यंत सोडायलाही आले.

मला खूप भीती वाटते. खोलीचा जिना चढताना मी पायऱ्यांवर थांबून ऐकते. घरमालकीण कालपासून माझ्याशी फार गोड बोलते. हे सगळं तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण तुझ्याशी खोटं बोलायला मला जमत नाही. सगळ्या जगाशी बोलून झालं.

मी येते. पुस्तक मला पहिल्या ओळीपासून पाठ आहे, रोज मनात म्हणून बघते. तू फक्त पेन घेऊन बस. “हजर” कोण म्हणतं ते पत्रात लिहीत नाही. तोंडी सांगेन, ते ऐकताना तुझा चेहरा मला बघायचाय.

गुरुवारी येते.

लिहून झाल्यावर लक्षात आलं मी काय लिहिलंय. खोडणार होते. पण गाडी खरंच गुरुवारचीच बरी आहे, आणि उगाच अशुभाला भीत बसायला मी काय म्हातारी आहे? बॅग भरलीये. मामीला सांग, जास्त काही करू नकोस.

तुझी,
वाळवी


२८ नोव्हेंबर

चि. वाळवी,

काल गुरुवार झाला.

मी दुपारपासून स्टँडवर होतो. मामीने तुझी गादी उन्हात घातली होती, तीच जुनी चादर काढली होती. गाडी आली. माणसं उतरली, कोंबड्यांचा पिंजरा घेऊन एक म्हातारी उतरली, सगळ्यात शेवटी कंडक्टर उतरला. मी त्याला म्हटलं, आत बघू का? तो म्हणाला, बघा की. मागच्या बाकापर्यंत जाऊन आलो.

आपला ड्रायव्हर आज सकाळी गठ्ठे घेऊन आला. तो तुझ्या खोलीवर जाऊन आलाय, मी सांगितलं नव्हतं, आपणहून गेला. घरमालकीण म्हणाली, बुधवारी संध्याकाळी दोघं आले होते, फार सभ्य, आणि तू त्यांच्याबरोबर गेलीस. तुझी बॅग दाराशी तशीच आहे म्हणाली. भरलेली. हे पत्र मी त्याच्याच हाती देतो आहे. तो ते बॅगेवर ठेवेल. आलीस की तुला आधी तेच दिसेल.

मामी म्हणते, चौकशीला नेलं असेल, उद्या-परवा सोडतील. मी हो म्हणतो. पण मागच्या वेळी मी कोणाला विचारलं नाही, ते या वेळी होणार नाही. उद्या पहिल्या गाडीने मी तिकडे येतो आहे. विद्यापीठात विचारीन, त्या खिडकीत विचारीन, फुलं ठेवलेली खोली कुठे आहे ते विचारीन. माझं नाव आणि पत्ता त्यांच्याकडे आहेच, तुझ्याच अक्षरात.

एक सांगायचं राहिलं. काल गाडी रिकामी झाल्यावरही मी तिथेच उभा होतो. कंडक्टरने पाटी बदलली, दिवे घालवले. मी तुला हाक मारली. वाळवी नाही, तुझ्या आईने ठेवलेल्या नावाने. स्टँडवर कोणी नव्हतं म्हणून जरा मोठ्याने मारली. कोणी ओ दिली नाही. मग हाक तशीच पडून राहू नये म्हणून मीच म्हणालो, “हजर.”

तेव्हा मला कळलं ते कोण म्हणतं. आता तू नाही सांगितलंस तरी चालेल. बाकीचं सांगायला ये.

हिरवी वही शिवून झाली. पानं कोरी आहेत, पाठीचं चामडं नवं लावलंय, खालचं टोक आता सुटणार नाही. वरच्या फळीवर ठेवली आहे. काम तयार आहे.

मामा